शिरूरहून शिरूरला

महाराष्ट्रात शिरूर नावाचे तालुके तीन. लातूरच्या शिरूर अनंतपाळचा या लेखाशी संबंध नाही. उरलेल्या दोघांचं नातं मात्र पक्कं आहे आणि ते एकाच दिशेनं चालतं. दिवाळीच्या मागंपुढं बीडच्या शिरूर कासारहून ट्रॅक्टर निघतात, पाथर्डीच्या नाहीतर आष्टी-कड्याच्या बाजूनं नगर गाठतात, सुपा मागे टाकतात आणि घोड नदीचा पूल ओलांडून पुण्याच्या शिरूरमध्ये उतरतात. जुनी माणसं या शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, बाजरीची पोती, कोंबड्यांचं खुराडं, दोन शेळ्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. काही ट्रॉल्या शिरूर तालुक्यातच थांबतात. काही न्हावऱ्यावरून खाली येऊन भीमा ओलांडतात आणि दौंड तालुक्यात पांगतात : पाटस, आलेगाव, पाटेठाण, यवत. मागे गावात कुणी चौकशी केली की घराच्या ओट्यावरची म्हातारी सांगते, कारखान्याला गेलेत.

सप्टेंबर 2025 मध्ये बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. तालुक्यातल्या रायमोह्याला स्टेशन झालं. नगरहून पुढे दौंडला लोहमार्ग पूर्वीपासून आहेच. म्हणजे कागदावर शिरूर कासारचा माणूस रुळांवरून दौंडला येऊ शकतो. पण सहा महिन्यांचा संसार शेळ्यांसकट डब्यात चढत नाही, त्यामुळे ट्रॅक्टर काही सुटलेला नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांवर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. न्यू जर्सीतला गणपती, लंडनमधली भाजी, शेजाऱ्यांच्या चालीरीती, दोघांनी मिळून करायची धुणीभांडी. त्याच नजरेनं इथं पाहायला हरकत नाही. देश तोच, राज्य तेच, भाषाही तीच. तरी घोड आणि भीमेच्या काठी नोव्हेंबर ते मार्च जे हजारो संसार मांडले जातात ते परमुलखातलेच असतात. फरक एवढाच की अमेरिकेचा व्हिसा नवऱ्याला मिळतो आणि बायको अवलंबून म्हणून जाते. इथं दोघं मिळून एक नग धरला जातो आणि त्या नगाला म्हणतात कोयता.

एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको तो साळते, शेंड्याकडचं वाढं कापते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. पुष्कळ बायका तोडतातही. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत टोळीची ताकद माणसांत लिहीत नाहीत, कोयत्यांत लिहितात. दहा कोयत्यांची टोळी, बारा कोयत्यांची टोळी. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, कोयत्यामागे ठरते. अलीकडे ती लाखाच्या पुढे गेली आहे. करार बाँडपेपरवर होतो आणि सही बहुतेक वेळा नवऱ्याची असते. बायकोचं अर्धं अंग त्या सहीत गृहीत धरलेलं असतं. लग्न हा संस्कार की करार, असा वाद शहरात निवांतपणे घालता येतो. आष्टी-पाटोद्याच्या पट्ट्यात तो मुकादमानं कधीच मिटवून टाकला आहे.

हिशेब एकदा मांडून बघू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. टनाला 273 रुपये होते, ते 366 झाले. मुकादमाचं कमिशन 19 टक्क्यांवरून 20 वर गेलं. चांगला, उभा ऊस असेल तर जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास जाते. पडलेला, गुंतलेला असेल तर तेवढंही होत नाही. दोन टनांचे 732 रुपये, दोघांत मिळून. लाखाची उचल या दरानं फेडायची तर एकही खाडा न करता 137 दिवस लागतात. 2024 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 20 तारखेला विधानसभेचं मतदान होतं म्हणून कित्येक टोळ्या त्यानंतरच निघाल्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बऱ्याच कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. शंभर दिवस धरले तरी 73 हजार होतात. उरलेली बाकी अंगावर फिरते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. खाडा झाला तर दंड वेगळाच. दर वाढले, त्याचा फायदा नाही असं नाही. पण हंगाम आखडत चालला की दरवाढीचा काही भाग त्यातच जातो, आणि ही गोष्ट दरवाढीच्या बातमीत येत नाही.

आता घर. घर म्हणजे कोपी. बांबू वाकवून कमानी करायच्या, त्यावर चटई नाहीतर ताडपत्री, वरून पाचट. वाकून आत जायचं आणि आत गेल्यावरही मधोमधच उभं राहता येतं. एका कडेला पेटी, तिच्यावर घडी घातलेल्या गोधड्या. दुसऱ्या कडेला धान्य. चूल बाहेर, कोपीच्या तोंडाशी. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर गावाकडच्या घरी असतो, इथं तीन दगड आणि पाचट. आडोसा करून चार काठ्यांना जुनी साडी गुंडाळली की न्हाणीघर. पोराची झोळीही साडीचीच. नवीन म्हणावं असं गेल्या पंधरा वर्षांत दोनच वस्तू आल्या : मोबाइल आणि सौर दिवा. मोबाइल चार्ज करायला कुणाच्यातरी वस्तीवर जावं लागतं, आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्याशी बोलणं-चालणं ठेवावं लागतं. शेजारधर्माची पहिली गाठ इथंच पडते.

मला या कोपीबद्दल एक गोष्ट फार दिवस सांगायची आहे, आणि ती दु:खाच्या यादीत बसत नाही. गावाकडे नवी सून सासू-सासरे, दीर-जावा यांच्या घरात नांदते. चुलीवर तिचा हक्क नसतो, नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायलाही चोरी असते. कोपीत पहिल्यांदा ती आणि तो, दोघंच. काय शिजवायचं हे ती ठरवते. मीठ कमी पडलं तर बोलणारा एकच. बाजारात दोघं बरोबर जातात, गावाकडे हे सहसा होत नाही. तोही इथं पाणी भरतो, लेकरू कडेवर घेतो, कधी भाकरीला पीठ मळून ठेवतो. त्याच्या गावात त्यानं हे केलं असतं तर पारावर हसू झालं असतं. नाव घेण्याचा रिवाज मात्र इथंही तसाच. ती त्याला ‘आवं’ म्हणते किंवा थोरल्या पोराच्या नावानं हाक मारते. तो ‘अगं’वर भागवतो. कित्येकींच्या आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र घर हे असं ताडपत्रीचं असतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बायका पहिल्या हंगामाच्या आठवणी ज्या सुरात काढतात त्यात नुसता त्रास नसतो. ऊसतोडीवरच्या लेखनात हे जवळजवळ कधी येत नाही. आपल्याला त्या बाया एकतर राबणाऱ्या हव्या असतात किंवा रडणाऱ्या.

पण त्या स्वातंत्र्याची किंमत वसूल होते ती वेळात. पहाटे तीनच्या सुमाराला बाई उठते. दिवसभराच्या भाकरी, एखादं कोरड्यास, पाणी, लेकरांचं आवरणं. तो तासाभरानं उठतो. उजाडायच्या आत फडात. जानेवारीत भीमेच्या काठी धुकं आणि दंव इतकं असतं की उसाचं पान अंगाला लागलं की कपडे भिजतात. दुपारी फडातच खायचं. ट्रॉली कधी येईल याला वेळ नाही. संध्याकाळी आली तर संध्याकाळी, रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरणी. ट्रॉलीला फळी लावलेली असते, मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून चढायचं. मोळीचं वजन तीस-चाळीस किलो. गरोदर बाईही चढते. कोपीवर परतल्यावर तो आडवा होतो आणि ती पुन्हा चुलीशी. म्हणजे कोयता अर्धा-अर्धा असला तरी दिवस अर्धा-अर्धा नाही. संसारातलं तिचं काम कुणाच्याच वहीत नाही, आणि फडातलं काम त्याच्या नावावर आहे.

पैसे कुणाच्या हातात पडतात? उचल त्याला मिळते आणि ती गावातच, पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या सुमाराला. त्यातून मागचं देणं फिटतं, बियाणं येतं, कुणाचं लग्न निघतं, कुणाचा दवाखाना. हंगामात फक्त खर्चायला थोडी रक्कम आठवड्या-पंधरवड्याला मुकादमाकडून. बाईच्या हातात स्वत:ची म्हणून जी नाणी खुळखुळतात ती वाढ्यांची. उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग म्हणजे वाढं. गुरांना चारा म्हणून त्याच्या पेंढ्यांना मागणी असते. दौंड आणि शिरूर दोन्हीकडे दुभती जनावरं भरपूर, त्यामुळे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला वाढ्यांचे भारे घेऊन बसलेल्या बाया आणि मोटरसायकलवरून येणारे गवळी हे नेहमीचं दृश्य. उन्हाळा चढला की भाव वाढतो. मीठ-मिरची, पोराचा खाऊ, स्वत:च्या बांगड्या यातून भागतात. काही ठिकाणी शेतकरी आपली वाढी आपल्यालाच ठेवून घेतो, आणि मग फडाच्या बांधावर जी बाचाबाची होते ती वरवर चाऱ्यावरून असते.

यजमानांच्या चालीरीती शिकून घ्याव्या लागतात. शेतकऱ्याला पाटील म्हणायचं की मालक, हे पहिल्या दिवशी अंदाजानं ठरतं. कारखान्याच्या चिटबॉयला मात्र दुखवायचं नाही, कारण कुणाच्या फडात कधी तोड लागणार हे त्याच्या चिठ्ठीवर. विहिरीवर पाणी भरायला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी शेतीपंपाची वीज ज्या पाळीत असेल त्याच पाळीत. मोटर रात्री चालणार असेल तर धुणं रात्री. कोपी कुणाच्या पडीत घालायची, शेळ्या कुठवर सोडायच्या, सरपण कुणाच्या बांधावरचं घ्यायचं, हे सगळे अलिखित नियम गावागणिक बदलतात. शहाण्या टोळ्या दर वर्षी त्याच कारखान्याला येतात ते यासाठीही. ओळखीच्या वस्तीवरची पाटलीण ताक देते, दिवाळी झाल्यावरचा उरलेला फराळ देते. तोडकरीण तिला येताना गावाकडची बाजरी किंवा करडईचं तेल आणून देते. मावशी, अक्का, ताई अशी नाती लागतात. ती खरी असतात, हंगामापुरती का होईना.

आणि मग खुशाली. फड संपत आला की टोळीला कोंबडं द्यायचं, मोठा फड असेल तर बोकड, अशी जुनी रीत होती. पीक घरी जाताना राबणाऱ्या हातांना खाऊ घालणं, एवढाच तिचा अर्थ. आता तिचे एकरी पैसे झाले आहेत. ट्रॅक्टरवाला आपली वेगळी एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, मागतो. ऊस वाळत चाललेला, कारखान्याची तोड उशिरा आलेली, अशा वेळी शेतकऱ्याला द्यावेच लागतात आणि तो चिडतो. साखर आयुक्तालयाची परिपत्रकं निघतात, तक्रार करा म्हणतात, पैसे तोडणी बिलातून वसूल होतील म्हणतात. शेतकऱ्याचा राग मला समजतो. माझ्या घराण्यातही उसाची दोन एकरं आहेत. पण गावच्या चावडीवर तोडकऱ्यांना लुटारू ठरवणारी माणसं लाखाला 137 दिवस हा हिशेब करत नाहीत. कारखान्याच्या वजनकाट्याबद्दल ओरड करणाऱ्यांनी तरी करायला हवा.

बाहेरच्या माणसाला काय वागणूक द्यायची याबद्दल शिरूरची एक जुनी गोष्ट आहे. इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या काळात 1809 साली इथं कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष मानलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात, 1885 साली, नोंद आहे की सुगीला आसपासचे लोक त्याच्या थडग्यापाशी नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत. फौज घेऊन आलेल्या परक्याला नैवेद्य मिळाला. सुगी उरकायला आलेल्यांच्या वाट्याला पडीक जमीन येते. असो. वॉलेस भला माणूस असेलही.

दौंड-शिरूरचा ऊस काही जन्मापासूनचा नाही. मुठेचा कालवा दौंडकडे आला, घोड धरण चिंचणीला झालं, चासकमानचं पाणी शिरूरला पोचलं, तेव्हा बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस शिरला. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे दोन सहकारी कारखाने दोन तालुक्यांच्या राजकारणाचे आखाडे बनले. पुढे खासगी आले : आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, यवतचा अनुराज, जातेगावचा व्यंकटेश कृपा, रावडेवाडीचा पराग. भीमा पाटस बंद पडून 2022 मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेला. घोडगंगेचं धुराडं अलीकडचे हंगाम थंड राहिलं आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीत शिरूरमध्ये तोच मोठा मुद्दा झाला. सभासदांच्या उसाचं काय, कामगारांच्या पगाराचं काय, यावर भाषणं झाली. वर्षानुवर्षं न्हावऱ्याला येणाऱ्या टोळ्या कुठे गेल्या, त्यांच्या ओळखीची वस्ती, विहीर, दुकानातली उधारी यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं. त्यांचं मत शिरूरला असलं तरी त्या शिरूरला आहे.

बिबट्याचा विषय टाळता येत नाही. उसात बिबट्या राहतो, मादी उसातच वितेही, आणि तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. पिल्लं मिळाली की वनखात्याची माणसं ती तपासून रात्री त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आई येऊन एकेक उचलून नेते. टोळीला तेवढा वेळ त्या फडातून बाजूला व्हावं लागतं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्यानं तीन जीव घेतले, त्यात दोन लेकरं होती. लोकांनी महामार्ग अडवले. पक्क्या घरात राहणारी माणसं संध्याकाळी दार लावून बसू लागली, त्याच दिवसांत टोळ्या येऊन उसाच्या कडेला ताडपत्र्या ताणत होत्या. कोपीला दार नसतं. शौचाला अंधारातच जावं लागतं, दिवसा आडोसा नसतो म्हणून. बायका दोघी-तिघी मिळून जातात, हातात बॅटरी आणि काठी. नवऱ्यांनी आळीपाळीनं जागायचं असा नियम काही टोळ्यांनी घातला आहे. मुलाला मध्ये घेऊन झोपायचं हा नियम कुणी घालावा लागत नाही.

सणांचा हिशेबही परमुलखातल्यासारखाच जुळवावा लागतो. दसऱ्याला भगवानगड किंवा सावरगाव घाट करून टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. दिवाळी कधी घरी, कधी वाटेत. संक्रांत हमखास फडात. हळदीकुंकवाला सुटी नाही, म्हणून बायका भरणी उरकल्यावर रात्री एकमेकींच्या कोपीत जातात. वाण म्हणून हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडी. उसाच्या कांडीला इथं तोटा नाही, हा त्यातला नेहमीचा विनोद. कारखान्यात बिघाड होऊन गाळप थांबलं तर ती खरी सुटी. अशा दिवशी शिरूरकडच्या टोळ्या रांजणगावच्या महागणपतीला जातात, दौंडकडच्या भीमेपलीकडे सिद्धटेकला. अष्टविनायकाची यात्रा म्हणून कुणी निघत नाही, पण चार-सहा हंगामांत दोन गणपती होऊन जातात. शिमग्याच्या आत पट्टा पडला तर मढीच्या कानिफनाथाची यात्रा गाठता येते, म्हणून होळी जवळ आली की सगळ्यांचं लक्ष कारखान्याच्या भोंग्याकडे. मटण खायचं, नवी साडी घ्यायची, ती दौंडच्या किंवा शिरूरच्या बाजारात. गावात ती साडी ‘पुण्याची’ म्हणून दाखवली जाते.

पोरांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जोडप्यापुढे दर वर्षी उभा राहतो. म्हातारा-म्हातारी धडधाकट असतील तर शाळेत जाणारी मागे ठेवायची. बीडच्या गावांत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात. आता संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. अंगावरची लहानगी बरोबर येतात आणि त्यांना सांभाळायला आठ-दहा वर्षांची एखादी मुलगीही. एके काळी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसायचं ठरलं. कागदावर हे जास्त बरोबर आहे. पण कोपी फडाच्या मागे मागे सरकत असते आणि शाळा आपल्या जागी.

मुलगी वयात यायला लागली की बरोबर नेणं धोक्याचं वाटतं आणि मागे ठेवणंही. शिवाय लग्न झालं की एक पूर्ण कोयता तयार होतो आणि पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर निघालं, त्याला ही एक सरळ आर्थिक बाजू आहे. प्रबोधनाच्या पोस्टरवर ती नसते. एकट्या पोरालाही पूर्ण दरानं कामावर घेतलं असतं तर काही लग्नं तरी दोन-चार वर्षं थांबली असती, असं मला वाटतं.

याच हिशेबाचं सगळ्यात भयंकर रूप 2019 मध्ये बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या तपासणीची माहिती आली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. बऱ्याच जणी ऐन तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, खाडा परवडत नाही; अंगावरचं पांढरं जाणं अंगावर काढायचं; मग गावाकडच्या खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जायची आणि पुढच्या उचलीतून ऑपरेशन व्हायचं. त्यानंतर परवानगीचे नियम आले, आरोग्य तपासण्या आल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, ओळखपत्रं वाटली जाऊ लागली. या ओळखपत्राची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : ते प्रत्येकाचं वेगळं असतं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. ऊसतोडीच्या कागदांत बाई एकटी दिसते ती बहुधा तिथंच. बाँडपेपरवर तसं अजून झालेलं नाही आणि तोडणी बिलातही नाही.

आता पुण्याच्या याच शिरूर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावर, बीडच्याच जोडप्यांचा दुसरा संसार उभा राहिला आहे. रांजणगाव एमआयडीसीच्या आसपास, विशेषत: कारेगावात, दहा बाय दहाच्या रूमच्या रांगाच्या रांगा आहेत. तोडकऱ्यांची शिकलेली पोरं ठेकेदारामार्फत कंपनीत लागतात, लग्न करून बायकोला आणतात, तीही पॅकिंगला किंवा असेंब्लीला जाते. शेजारी कुणी विदर्भातलं, कुणी बिहारचं. भाडं, पाण्याचा टँकर, दोघांच्या शिफ्ट जुळत नाहीत म्हणून भिंतीवर लिहून ठेवलेलं वेळापत्रक, गावाकडे आजीपाशी ठेवलेलं मूल. स्वर्ग नाही. कंत्राट सहा-सात महिन्यांत संपतं आणि पुन्हा गेटवर रांग. पण तिथं तिची हजेरी तिच्या नावानं लागते आणि पगार तिच्या खात्यावर पडतो. बारा तास उभं राहून ती जे मिळवते ते किती, हे तिला माहीत असतं. थोरली जाऊ फडात आणि धाकटी कंपनीत, अशी घरं आता निघतात, आणि दिवाळीला दोघी गावाकडे भेटल्या की गप्पा पगाराच्या होतात. थोरलीला आपला आकडा सांगता येत नाही. तिचा आकडा जोडीचा असतो.

कारखान्यांनी तोडणी यंत्रांचा मार्ग धरला आहे आणि सरकार त्याला अनुदान देतं. यंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, सलग मोठं रान लागतं. भीमाकाठची भावाभावांत वाटलेली अर्धा-पाऊण एकराची रानं त्याला मानवत नाहीत. तेव्हा अजून काही वर्षं तरी टोळ्या येणार. सप्टेंबर 2025 च्या पावसात सिंदफणेनं शिरूर कासारची पिकं, काठावरची मातीसुद्धा नेली. त्या वर्षी उचल घेणारे कमी झाले नसणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. पट्टा पडला की मुकादम वही उघडतो, प्रत्येक कोयत्याचे टन वाचून दाखवतो, बाकी सांगतो. नवरे घोळक्यानं पुढे बसलेले असतात. बायका तोवर कोपीचे बांबू उपसून ट्रॉलीत भरायला लागलेल्या असतात, कारण ट्रॅक्टरचं भाडं दिवसावर असतं आणि उशीर झाला तर तेही बाकीत धरलं जातं.